एकट्याची कंपनी कोणाच्या भरवशावर?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय सुचविला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकटा माणूस, हाताखाली एकही नोकर नाही, सगळी कामे संगणकातल्या एआय एजंटांकडून करून घेतो आणि कोट्यवधींची कंपनी उभी करतो. हा विषय अमेरिकेतला, आपल्या वस्तीत त्याचे काय काम? परंतु अभ्यासिकेत मुले आज हेच बोलत आहेत. बी.कॉम. झालेला मुलगा घरी सांगतो की, नोकरीच्या मागे कशाला लागू, एआय लावून स्वतःची कंपनीच काढतो. त्यावर त्याची आई विचारते, "पैसे कुठून घालणार? आणि बुडाले तर?" मुलाच्या उत्साहापेक्षा आईचा प्रश्न अधिक खोल आहे असे आमचे मत आहे, आणि आजचे बोलणे मुख्यतः तिच्यासाठी आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. एजंट म्हटले की आपल्याला आरटीओच्या दारातला नाहीतर विम्याचा एजंट आठवतो. तो अर्थ टाकून देऊ नका, पुढे उपयोगी पडणार आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनाला आपण प्रश्न विचारतो, ते उत्तर देते, विषय संपला. एजंटाला प्रश्न विचारायचा नसतो, काम सांगायचे असते. "या वीस गिऱ्हाइकांची बिले थकली आहेत. प्रत्येकाला पत्र पाठव, उत्तर आले की नोंद कर, आठ दिवसांत पैसे जमा झाले नाहीत तर पुन्हा पाठव." मग तो कामाचे तुकडे पाडतो, हिशेबाची फाईल वाचतो, ईमेल उघडतो, एक तुकडा पुरा करतो, काय झाले ते बघतो आणि पुढच्याला हात घालतो. दर पावलाला हाक मारावी लागत नाही, म्हणून त्याला स्वायत्त म्हणायचे. असे पाच-दहा एकाच वेळी कामाला जुंपता येतात. एक प्रोग्रॅम लिहितो, दुसरा त्यातल्या चुका काढतो, तिसरा गिऱ्हाइकांना उत्तरे देतो. त्यांना पगार नाही, पण ते फुकटही नाहीत. जेवढा मजकूर वाचला आणि लिहिला तेवढे मीटर पडते, रिक्षासारखे. त्यातून आपली देवनागरी बऱ्याच यंत्रांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत मोडते, म्हणजे तेवढ्याच मजकुराला मराठीत मीटर जास्त. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आता ज्या बातमीने सगळ्यांची झोप उडविली ती पाहू. ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२४ च्या सुरुवातीला सांगितले की, एका माणसाची शंभर कोटी डॉलरची कंपनी कोणत्या वर्षी निघेल यावर त्यांच्या मित्रमंडळींत पैज लागली आहे. पैज लावणारे हेच आणि यंत्र विकणारेही हेच, एवढे ध्यानात असू द्यावे. परंतु पुढच्याच वर्षी त्या दिशेने एक उदाहरण घडले हेही खरे. इस्रायलमधील माओर श्लोमो या तरुणाने बेस४४ नावाचे उत्पादन एकट्याने सुरू केले. साध्या भाषेत काय हवे ते लिहावे आणि यंत्राने तयार ॲप बनवून द्यावे, असे ते साधन. कोणाचे भांडवल घेतले नाही. सहा महिन्यांत अडीच लाखांवर वापरकर्ते झाले आणि जून २०२५ मध्ये विक्स या कंपनीने ते ८ कोटी डॉलर रोख देऊन विकत घेतले. त्या वेळच्या दराने जवळपास सातशे कोटी रुपये. सहा महिन्यांची कमाई!

हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात आणि चमकावेतही. पण बातमी पूर्ण वाचली पाहिजे. विक्रीच्या वेळी तिथे आठ माणसे कामाला होती. श्लोमो यांनी त्यापूर्वी भागीदारीत डेटाची एक कंपनी काढून चालविलेली होती. प्रोग्रॅम कसा तुटतो, गिऱ्हाईक का पळते, हे त्यांना आधीच ठाऊक होते. विकत घेणारी कंपनी त्यांच्याच देशातली. म्हणजे मालकीच्या कागदावर नाव एकाचे असले तरी पायाखाली किती फळ्या होत्या ते मोजून घ्या.

आता म्हणाल, इस्रायल कुठे आणि नाशिक कुठे. तर आपण सहकुटुंब त्रिरश्मी लेण्यांना जातो तेव्हा पायथ्याशी फाळके स्मारक लागते. मुले तिथे खेळतात, आपण डबा सोडतो. ज्यांच्या नावाचे ते स्मारक, ते त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे नाशिकने पाहिलेले एकट्याच्या कंपनीचे सर्वांत मोठे उदाहरण. यंत्र विलायतेचे, नवे, आपल्याकडे त्याचे शिक्षण देणारे कोणी नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली. आजची मुले ज्याला डेमो म्हणतात तोच हा प्रकार. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारभार नाशिकला हलविला. कथा, दिग्दर्शन, कॅमेरा, जुळणी, सगळीकडे तेच.

पण त्या घरात सरस्वतीबाई होत्या. त्यांचे दागिने गहाण पडले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत, आणि फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामेही त्यांच्याच हातची. जगाने 'एकट्या फाळक्यांनी' म्हटले. भगिनींनो, एकट्याने केले असे जेव्हा कोणी सांगतो तेव्हा स्वयंपाकघरात कोण होते हे विचारावे. दुसरी गोष्ट वयाची. पहिला चित्रपट लागला तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते. त्याआधी जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तू खात्यातली नोकरी, छपाईचा व्यवसाय एवढे सगळे हाताखालून गेले होते. यंत्र नवे होते, हात जुना होता. आणि १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी झाली तेव्हा त्यांनाही भागीदार घ्यावे लागले. भागीदारांशी पुढे पटले नाही, तो इतिहास वेगळा. असो.

यंत्राला काय जमत नाही याचे दाखलेही पाहिले पाहिजेत. २०२५ साली ॲन्थ्रॉपिक या कंपनीने आपल्याच कचेरीतले एक छोटे दुकान महिनाभर एआय एजंटाच्या ताब्यात दिले. शीतपेये, खाऊ, एवढाच माल. एका गिऱ्हाइकाने गमतीने टंगस्टन धातूचा ठोकळा मागितला, तर एजंटाने असे ठोकळे मागविले आणि खरेदीपेक्षा कमी भावाने विकले. कर्मचाऱ्यांना २५ टक्के सूट दिली, आणि गिऱ्हाईक जवळजवळ सगळे कर्मचारीच! पैसे भरायला जे खाते सांगितले ते अस्तित्वातच नव्हते. एक दिवस तर तो म्हणाला की, निळा कोट आणि लाल टाय घालून मी स्वतः माल पोचवतो. आपल्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने असा धंदा केला असता तर घरच्यांनी त्याला गल्ल्यावरून उठविले असते. कंपनीने हे सगळे स्वतःहून प्रसिद्ध केले आणि पुढच्या फेरीत कारभार बराच सुधारला, हेही सांगितले पाहिजे. यंत्र सुधारत जाणार. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या एका उद्योजकाने रेप्लिट या साधनाच्या एजंटाला बजावले होते की, आता काहीही बदलायचे नाही. एजंटाने चालू कामाची सगळी माहितीच पुसून टाकली आणि वर सांगितले की ती परत मिळणे शक्य नाही. प्रत्यक्षात ती मिळाली.

हे का होते? साधा हिशेब करा. एजंट दर पायरीला शंभरात ९५ वेळा बरोबर असतो असे समजा. आपल्या दहावीच्या पोराला ९५ टक्के पडले तर आपण पेढे वाटू. पण काम वीस पायऱ्यांचे असेल आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असेल, तर सगळे काम बिनचूक उतरण्याची शक्यता शंभरात ३६ च राहते. मुलांनी कॅल्क्युलेटरवर ०.९५ ला वीस वेळा गुणून पाहावे. म्हणून मधल्या मधल्या पायऱ्यांवर तपासणारा लागतो. आणि तपासणाऱ्याला ते काम स्वतःला यावे लागते.

इथेच आपल्या वस्तीचा खरा प्रश्न सुरू होतो. आपल्या कितीतरी घरांत पहिला सरकारी पगार टायपिंगच्या प्रमाणपत्रावर आला. मराठी ३०, इंग्रजी ४०. नंतर डीटीपीची दुकाने आली, मग एमएस-सीआयटी, डेटा एन्ट्री, कॉल सेंटर, एखाद्या सी.ए.च्या कचेरीत व्हाउचर लावण्याचे काम. पगार तुटपुंजा, पण तिथे पोरगा किंवा पोरगी कामाची शिस्त शिकली, चूक कशी सापडते ते शिकली आणि दोन वर्षांत वरच्या पायरीवर गेली. एजंट नेमकी हीच खालची पायरी खाणार आहे. वरच्या मजल्यावर बसलेल्याला त्याचे दुःख नाही. तो शिडी चढून गेला. ज्यांचे आईवडील आजही सातपूर-अंबडला कंत्राटी कामावर आहेत, त्या मुलांच्या पायाखालची ही पायरी आहे. ज्या मुलीने कधी खतावणी लिहिलीच नाही ती एजंटाने लिहिलेल्या खतावणीतली खोट कशी पकडणार? म्हणून आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना स्पष्ट सांगतो की, आधी एक धंदा हाताने शिका, मग एजंट हाताखाली घ्या. उलट क्रमाने गेलात तर एजंट मालक आणि तुम्ही त्याचे सही करणारे.

क्रम नीट राखला तर मात्र संधी खरी आहे. सातपूर-अंबडमध्ये जॉबवर्क करणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स आहेत. मालक स्वतः लेथवर उभा असतो. कोटेशन रात्री करतो, चलन हरवते, जीएसटीची तारीख चुकते, मोठ्या कंपनीकडे पैसे अडकतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे, पण त्याची आठवण देणारे पत्र लिहायला वेळ कोणाला? समजा, अशा कचेरीत दोन वर्षे काढलेल्या एका मुलीने पंधरा-वीस वर्कशॉप्सचे हे काम एजंटांच्या मदतीने अंगावर घेतले. पूर्वी त्यासाठी चार माणसांची कचेरी लागली असती. आज एक खोली, एक संगणक आणि तिचे ज्ञान पुरेल. ही सातशे कोटींची कंपनी नव्हे. पण महिन्याचे घर नीट चालेल आणि मालकी तिची स्वतःची असेल. बातमीतल्या माणसांपेक्षा आम्हांला हिचीच चिंता अधिक आहे.

गिऱ्हाईक मिळविणे हा वेगळा विषय आहे, आणि तो बोलताना बाबासाहेबांचे नाव घ्यावेच लागते. १९१७-१८ चा काळ. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आले होते. उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा स्वतःचा व्यवसाय काढला. एकट्याचाच. सल्ला उत्तम होता, अर्थशास्त्र तर हातचे होते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या घड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. एवढ्या तोलाच्या माणसाची कंपनी ज्ञान कमी पडले म्हणून बंद पडली नाही, हे आपण विसरता कामा नये.

काही तरुण म्हणतात, आता पडदा मध्ये आहे, कॅनडातल्या गिऱ्हाइकाला आपले आडनाव समजतही नाही आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही. यात तथ्य आहे आणि हा लाभ जरूर घ्यावा. परंतु यंत्र स्वतः कोणाचा मजकूर वाचून मोठे झाले आहे? २०२५ साली 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने एक प्रकरण छापले. एका दलित संशोधकाने अर्जाचे इंग्रजी सुधारून दे असे चॅटजीपीटीला सांगितले, तर त्याने इंग्रजीबरोबर आडनावही बदलून 'शर्मा' करून टाकले. कोणी सांगितले नव्हते. असे एजंट उद्या आपल्या पोरांचे अर्ज चाळायला बसणार असतील तर त्यांना तपासणाऱ्यांत आपली माणसे हवीत, हे उद्योगाइतकेच महत्त्वाचे आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे. बुडाले तर? आपल्या देशात एकट्याची कंपनी कायद्याने काढता येते. २०१३ च्या कंपनी कायद्यात तशी तरतूद झाली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली. २०२१ पर्यंत तिच्या भांडवलावर आणि उलाढालीवर मर्यादा होती, ती काढून टाकली. कंपनी बुडाली तर साधारणपणे घातलेले भांडवल जाते, घर जात नाही. पण बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली असेल तर घरापर्यंत येते, आणि बँका ती बहुधा घेतातच. सही करण्यापूर्वी हा कागद वाचून घ्यावा. अनुसूचित जातींसाठीच्या उद्यम भांडवल निधीतून तरुणांच्या नव्या कल्पनांना भागभांडवल देणारी आंबेडकरांच्या नावाची मोहीम २०२० मध्ये सुरू झाली. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या आहेत, तेव्हा जातीचा दाखला नीट करून घेऊन मुलांनी चौकशी करावी.

आणि एजंटाने चूक केली तर भरायचे कोणी? एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील यंत्राने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. आजी वारली म्हणून बिचारा निघाला होता. कंपनी म्हणाली, यंत्र काय बोलले त्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीला आठशेच्या वर डॉलर भरायला लावले. आरटीओचा एजंट म्हणूनच लक्षात ठेवा असे आम्ही सुरुवातीला म्हणालो. फॉर्म तो भरतो, लायसन्स आपल्या नावाचे असते, चलनही आपल्या नावावर फाटते.

याच कायद्यात आम्हांला फार आवडलेली एक अट आहे. एकट्याची कंपनी नोंदवितानाही दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव, तिच्या लेखी संमतीने, द्यावेच लागते. मालकाचे काही बरेवाईट झाले तर कंपनी त्या व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती हाडामांसाची असावी लागते; तिथे एजंटाचे नाव चालत नाही. हा विचार नाशिकला नवा नाही. स्मारकाच्या वरच्या अंगाला, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. भिक्खुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. ठेवले कुठे? कोणा एका सावकाराकडे नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २,००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे भिक्खूंसाठी वापरायचे, आणि सगळे निगमसभेत वाचून नोंदवायचे. एक विणकर मरेल, श्रेणी राहील. पैसा माणसांच्या जुटीवर ठेवला, आणि चार लोकांसमोर ठेवला.

आपल्या पोरापोरींना आज एजंट महिन्याच्या भाड्याने कोणीही देईल. पहिले गिऱ्हाईक कोण देणार? त्यांनी केलेले कोटेशन जाण्यापूर्वी कोण वाचणार? या सभागृहात सिक्युरिटी प्रेसमधून, बँकांतून, एचएएलमधून, महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत. तुम्हांला संगणक येत नसेल. ताळेबंद कुठे खोटा वाटतो हे तुम्हांला येते, आणि तेच यंत्राला येत नाही. वर्कशॉप असलेलेही काहीजण इथे आहेत. त्यांनी आपल्या वस्तीतल्या मुलीला एका महिन्याचे काम देऊन पाहावे. फुकट करून घेऊ नये, ठरलेले पैसे द्यावेत. फुकट कामाने गिऱ्हाईक बनत नाही, उपकार बनतो. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास अभ्यासिकेत ही मुले आपले काम घेऊन बसतील. तपासणाऱ्यांसाठी वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. नाव आणि कोणते काम येते, एवढेच लिहावे.

नमो बुद्धाय, जयभीम.